कानाने डिझेल भरणारा माणूस

१९८६ सालच्या सप्टेंबरात आमच्या जोलीनचं लग्न झालं. त्या लग्नाचा सगळा बेत मी एकटीने आखला होता, आणि इतका चोख बेत अख्ख्या नेब्रास्कात कुणी आखला नसेल, हे मी आज ब्याण्णवाव्या वर्षीही छातीठोकपणे सांगते!

निळ्या पुठ्ठ्याची एक वही होती माझी. साडेसातला घर सोडायचं. सव्वाअकराला वाटेत डिझेल भरायचं, दहा मिनिटं. सव्वाला शेजारच्या राज्यातल्या चेयेन शहरात, चर्चच्या दारात. लग्न दोनला. कोणत्या पुलावर सँडविच खायचं तेही वहीत होतं.

वेळेची एवढी धास्ती कशाला? तर मर्लमुळे. मर्ल म्हणजे माझा नवरा. माणूस सोन्यासारखा, पण शेतातून निघायचं नाव नाही. जोलीनच्या शाळेच्या निरोपसमारंभाला तो पोचला तेव्हा खुर्च्या आवरून झाल्या होत्या. गवत कापायचं राहिलं होतं म्हणे! त्यामुळे लग्नाआधी जोलीनने फोनवर सांगितलं, "आई, त्याच चर्चमध्ये तीनला दुसरं लग्न आहे. दोनचा ठोका पडला की पाद्री सुरू करणार. बाबा नसले तर मी रसेलच्या काकांचा हात धरून आत जाईन. सांग त्यांना." रसेल म्हणजे आमचा होणारा जावई.

मी सांगितलं. मर्ल उठला. गोठ्यात गेला आणि न कुरकुरणाऱ्या बिजागरीला अर्धा तास तेल देत बसला.

मग मी आणखी दोन खबरदाऱ्या घेतल्या. एक, त्याला नवा करडा सूट घरूनच चढवला. दुसरी, गाडीच्या सीटमागे त्याची शेतकामाची जुनी डांगरी कायम असायची, ती काढून कोंबड्यांच्या खुराड्यात लपवली. न जाणो, हा माणूस डांगरीतच मुलीला पाद्र्यापर्यंत न्यायचा!

तीन आठवडे शिवणकाम, केक आणि पाहुणे यांत माझे डोळे खोल गेले होते. गाडीत बसले तेव्हाच दमलेली होते. वाटेत मर्लचं मात्र सुरूच. वर्षापूर्वी त्याने एक जुनी डिझेल पिकप घेतली होती, आणि तेव्हापासून तो स्वतःला ट्रकवाल्यांचा जातभाई समजायचा. समोरून अठरा चाकांचा ट्रक आला की स्टिअरिंगवरून दोन बोटं उचलायचा.

"एकाने तरी कधी उत्तर दिलंय का रे?"

"घाईत असतात बिचारे."

चेयेन शंभर मैलांवर राहिलं तेव्हा आम्ही ट्रक स्टॉपवर वळलो. तेव्हा डिझेल मिळायचं ते ट्रकच्या रांगेतच. पुढे डोंगराएवढा ट्रक, मागे डोंगराएवढा ट्रक, मधे आमची पिकप. म्हशींच्या गोठ्यात शेळी बांधावी तशी! मर्लची छाती मात्र फुगली होती.

"मर्ल, तोटी लाव आणि लांब उभा राहा. सूट आहे अंगावर."

"तीस वर्षं ट्रॅक्टर भरतोय मी. मला शिकवतेस?"

तेच तर दुखणं होतं. आमच्या शेतावर चार खांबांवर डिझेलची टाकी. तोटी सोडली की डिझेल आपलं सावकाश, म्हाताऱ्याने जिना उतरावा तसं यायचं. आपोआप बंदबिंद होणं नाही. मग शेतकरी काय करतो? टाकीच्या तोंडाला कान लावतो! आवाज बारीक झाला की टाकी भरली. आमच्याकडचे सगळे पुरुष असेच भरायचे. पण ट्रकच्या तोटीतून डिझेल येत नाही, सुटतं! एवढ्याशा टाकीत त्याचा फेस होतो आणि तो आल्या वाटेने परत निघतो.

मर्लने तोटी घातली, खटका दाबला, वाकला आणि भक्तिभावाने कान लावला.

कुणी चूळ भरून तोंडावर टाकावी, तसं ते डिझेल आलं. कानात, कॉलरमध्ये, टायवर, करड्या सुटावर आणि शेवटी बुटात. मर्ल सरळ झाला. हनुवटीवरून थेंब गळत होते.

"आर्डिस," तो शांतपणे म्हणाला, "टाकी भरली."

मी नुसता रुमाल पुढे केला. बोलायलाही अंगात जोर लागतो.

मागच्या ट्रकने भोंगा वाजवला. मग त्याच्यामागच्याने. मागच्या ट्रकमधून एक माणूस उतरला. ओडेल त्याचं नाव, टेनेसीचा, दाराच्या चौकटीएवढा.

"ओ काका! भरलं की गाडी पुढे घ्यायची असते! ही काय तुमच्या घरची मोरी आहे?" असं म्हणत तो जवळ आला, आणि त्याने मर्लकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "अरे देवा! निघालात कुठे?"

"मुलीच्या लग्नाला," मी म्हणाले. "दोन वाजता."

"चर्चमध्ये? मेणबत्त्या लावलेल्या असतात तिथे?" ओडेलने डोक्यावरची टोपी काढली. "काकू, तुमचे हे मुलीला घेऊन निघाले तर लग्न नाही, होळी होईल! आधी अंघोळ घाला यांना."

आतल्या काउंटरवर नादीन नावाची बाई होती. तिने मर्लचा वास घेतला आणि नियम सांगितला. "पन्नास गॅलन भरलं तर अंघोळ. तुम्ही किती भरलं?"

"सोळा," मर्ल म्हणाला.

"आणि त्यातलं एक अंगावर," मी म्हणाले.

"मग नाही जमणार."

तेव्हा ओडेलने खिशातून अंघोळीची चिठ्ठी काढली, नेहमीचं गिऱ्हाईक म्हणून त्याला आधीच मिळालेली. नंबर एकतीस. दोन दिवस गाडी चालवत होता तो, अंघोळीची वाट बघत. "यांना जाऊ दे, नादीन."

"मी कुणाची अंघोळ घेत नसतो!" मर्ल ताठ झाला.

"काका, घेऊन टाका. नाहीतर मला शंभर मैल तुमच्यामागे यावं लागेल, काचा बंद करून!"

कर्ण्यातून आवाज आला, "अंघोळ नंबर एकतीस, चार नंबरची न्हाणी तयार आहे!" मर्ल गेला. मी घड्याळ बघितलं. साडेअकरा. भिंतीवरच्या घड्याळात मात्र साडेदहा.

"नादीनबाई, तुमचं घड्याळ तासभर मागे आहे."

"वीस वर्षं असंच चालतंय ते," ती वर न बघता म्हणाली.

मी मनात म्हटलं, ज्यांना घड्याळ लावता येत नाही ते ट्रक स्टॉप काय चालवणार!

एवढ्यात बाहेर भोंग्यांचा कल्लोळ झाला. ओडेल धावत आला. "काकू, पिकप अजून तिथेच! मागे नऊ ट्रक झालेत. किल्ली कुठंय?"

"मर्लच्या पँटच्या खिशात."

"आणि पँट?"

"मर्लबरोबर. न्हाणीत."

मी दारावर थापा मारल्या, नावाने हाका मारल्या. आतून फक्त शीळ! उजव्या कानात डिझेल गेलेला माणूस तो, त्याला काय ऐकू येणार? शेवटी नादीनने कर्णा हाती घेतला. "अंघोळ नंबर एकतीस! मर्ल! साबण राहू द्या, किल्ली आणा!" खाण्याच्या टेबलांवरचे सगळे ट्रकवाले काटे खाली ठेवून बघू लागले. दार उघडलं, आणि टॉवेल गुंडाळलेला, फेसाने माखलेला माझा नवरा सगळ्यांमधून चालत आला आणि त्याने माझ्या हातात किल्ली दिली.

"ओरडतेस कशाला? मला काय ऐकू येत नाही का?"

जांभळ्या रेशमी झग्यात मी पिकप पुढे घेतली. परत येऊन बघते तर नवा पेच. घालायचं काय? सुटाचा तर दिव्याचा काकडा झाला होता. "यांची डांगरी नाही का गाडीत?" ओडेलने विचारलं. मर्ल म्हणाला, "कायम असते. आज कुठे गेली कळत नाही."

मी बाहेर, क्षितिजाकडे बघत राहिले.

ओडेलने स्वतःचा रविवारचा कोट आणि पँट दिली. कोट तपकिरी, पाठीवर पंख पसरलेला गरुड भरलेला. त्या कोटात दोन मर्ल मावले असते. पँट मी अकरा पिनांनी दुमडली. बारा वाजून दहा मिनिटांनी निघालो तेव्हा मर्लने सवयीने दोन बोटं उचलली, आणि रांगेतल्या नऊच्या नऊ ट्रकांनी भोंगे वाजवले!

"बघितलंस?" मर्लचे डोळे ओले झाले होते. डिझेलमुळेही असतील.

चेयेनला पोचलो तेव्हा माझ्या घड्याळात दोन वाजून सात मिनिटं. चर्चचं दार उघडं, आत चिटपाखरू नाही. बाकं रिकामी. एक बाई वेदीजवळ फुलं उचलत होती. मर्ल शेवटच्या बाकावर बसला. गरुडाचे पंख दोन्ही बाजूंनी लोंबत होते.

"काकाचा हात धरून गेली," तो म्हणाला. बस, एवढंच.

मी त्या बाईला विचारलं, "लग्न आटोपलं का हो?"

"आटोपलं? अहो, फुलं कुठली लावायची तेच ठरेना मला. दोनला आहे ना? आत्ता तर एक वाजलाय!"

आमच्याकडून पश्चिमेला जाताना, ट्रक स्टॉपच्याही आधी, वेळ बदलण्याची एक रेषा लागते. ती ओलांडली की घड्याळ तासभर मागे करायचं. शाळेतल्या पोराला माहीत असतं. माझ्या वहीत नव्हतं.

"तुला माहीत होतं?" मी मर्लला विचारलं.

"हो तर."

"मग सांगितलं का नाहीस?"

"मला वाटलं, वहीत असेल."

आयुष्यात पहिल्यांदा मर्ल कुठेतरी वेळेआधी पोचला होता. त्या अख्ख्या तासात तो बाकावरून हलला नाही. दोनच्या ठोक्याला जोलीन बापाचा हात धरून आत आली. गरुड बघून हसत होती आणि रडत होती, आणि तिच्या डोक्यावरच्या जाळीला थोडा डिझेलचा वास लागला.

कोट धुऊन आम्ही टेनेसीला पाठवला. ओडेल दर नाताळला पत्र पाठवायचा, खाली सहीऐवजी 'नंबर एकतीस'. सात वर्षांपूर्वी त्याच्या मुलीचं पत्र आलं, तो गेल्याचं. नादीनला मी माफीचं पत्र लिहिलं होतं. तिने उलट टपाली तिच्या घड्याळाचा फोटो पाठवला. मर्लला जाऊन अकरा वर्षं झाली. शेवटपर्यंत म्हणायचा, त्या दिवसापासून उजव्या कानाने ऐकू येत नाही. नेमका मी बसायचे त्या बाजूचा कान! डांगरीवर त्या वर्षी कोंबडीने पिल्लं काढली. ती तिथे कशी गेली, हे मी त्याला कधीच सांगितलं नाही.

पुढच्या महिन्यात जोलीनच्या मुलीचं लग्न आहे. पोरीचा परवाच फोन आला.

"आजी, तू फक्त ये. वही घरीच ठेव."