हेमंत टायर निवडतो

आमच्या नायगावच्या सोसायटीत कुणी नवी गाडी आणली की बाकीचे पेढा मागतात. हेमंत राऊत मात्र थेट टायरापाशी उकिडवा बसतो आणि रबरात अंगठ्याचं नख रुतवतो. रुतलं तर "वा!" नाही रुतलं, तर मालकाकडे असं बघतो की त्याच्या तोंडातला पेढा कडू व्हावा.

बँकेत नोकरी, लग्न केलेलं नाही, घरी म्हातारी आई. आणि एक जुनी मारुती, तिच्यावर जीव. एक शर्यत असते बघा, मैदानात प्लास्टिकचे शंकू मांडतात आणि त्यांच्यामधून एकेक गाडी घड्याळ लावून पळवतात. ऑटोक्रॉस म्हणतात तिला. त्यात एकदा तरी कप मिळवायचा, एवढंच याचं देवाकडे मागणं. दर वर्षी थोडक्यात हुकायचा. सरावाला सुकलेल्या मिठागरावर जायचा आणि शंकू म्हणून आमच्या मजल्यावरच्या बादल्या उचलून न्यायचा. माझी निळी बादली त्यातच चेपली.

"काकू, गाडी जमिनीला टेकते किती? चार तळहातांएवढी! इंजिनाचं कसलं कौतुक?" हे मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणेन. टायरच्या कडेला खडूच्या रेघा ओढायचा, चकरा मारून यायचा आणि खडू कुठवर पुसला ते बघून हवा कमीजास्त करायचा. खालच्या शहाबेननी एकदा विचारलं, "हेमंतभाई, गाडीची पूजा रोज असते काय?"

एका वर्षी शर्यतीच्या तोंडावर टायर झिजले. नियम असा की रस्त्यावर चालणारेच टायर लावायचे. रबर मऊ असलं तर जमिनीला चिकटतं, पण फार मऊ लवकर झिजतं. शिवाय कारखान्यातून कधी निघालं ते बघायचं, पडून राहिलं की तेही वाळतं. हे सगळं मला भाजी निवडता निवडता पाठ झालं.

आदल्या आठवड्यात दारात उभा. "काकू, चला हायवेवर. टायर घ्यायचेत."

"अरे, मला काय कळतं त्यातलं?"

"तुम्ही नुसतं बसायचं."

दुकानदार ओळखीचा. त्याने एक टायर पुढे लोटला. "राऊतसाहेब, बाजू दाबून बघा. दगड! वळणावर दुमडणार नाही. यंदा कप तुमचाच."

हेमंतने नख रुतवलं आणि त्याचा चेहरा उजळला. दुकानदाराने ओळखीखातर चारही आधी चालवून बघायला चढवून दिले. मग मला पुढच्या सीटवर बसवून गाडी खाडीकडच्या रस्त्याला घातली. रस्ता कसला, नुसते खड्डे. आणि दर खड्ड्याला विचारतोय, "काकू, लागलं? कंबरेत की मानेत?"

मला वाटलं, किती अदबीचा मुलगा! शेवटी म्हटलं, "मेल्या, कंबर, मान, कवळी, सगळीकडे लागलं!"

गाडी तशीच दुकानाकडे वळवली. ते टायर उतरवून दुसरे चढवले. रबर तसंच मऊ, पण यांची बाजूही मऊ. पुन्हा तोच रस्ता, पुन्हा तेच प्रश्न. या वेळी खड्डे अंगावर आले नाहीत.

"हेच द्या," तो दुकानदाराला म्हणाला.

"अहो, हे वळणावर दुमडतात! शर्यत लावताय की वरात काढताय?"

"माहीत आहे. हेच द्या."

परतताना मी विचारलं, "का रे, तुला कप नको?"

"हवा ना." त्याने एक खड्डा चुकवला. "आई पडल्यापासून तिची कंबर गेलीय, काकू. तरी दर रविवारी होळी गावाला जाऊन आमची भाजीची वाडी बघायची असते. तिला विचारलं तर म्हणते, काही दुखत नाही. तुम्ही दोघी एका वयाच्या, एका अंगकाठीच्या. आणि तुम्ही खरं बोलता."

रविवारी सकाळी शर्यत होती. मीही गेले. शेवटच्या वळणावर गाडी डोळ्याची पापणी लवेल एवढीच उशिरा वळली आणि शंकू आडवा झाला. त्याचे सेकंद दंडात गेले, हेमंत दुसरा आला.

दुपारी त्याने आईला उचलून पुढच्या सीटवर बसवलं. मला वांगी हवी होती, म्हणून मी मागे. होळीचा रस्ता तसाच होता, खड्डे तिथल्या तिथे. म्हातारी खिडकीबाहेर बघत होती.

"हेमंता, रस्ता कोनी नवा केला रे?"

हेमंतने आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी तोंड मिटून बसले.

"केला गं आई," तो म्हणाला. "मागच्याच आठवड्यात केला."