दोन पट्ट्या आणि एक पेटी

दोन सदरे, एक टॉवेल आणि स्वतःची उशी, एवढ्यात खिडकीसाहेबांची तयारी झाली होती. पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार खिडकीमागे बसून बसून त्यांना हे नाव पडलं होतं. नळ गळतो, पाणी गढूळ येतं, मीटर पळतं. ज्याचं जे बिनसेल ते तो त्यांच्या तोंडावर येऊन ओरडायचा. साहेब म्हणायचे, "नोंद घेतली आहे." हे वाक्य जिभेवर इतकं बसलं होतं, की घरी जेवायला हाक मारली तरी तेच बाहेर पडायचं.

तर अशा या माणसाला दोन दिवस सुट्टी मिळाली होती. डोंगरावरच्या एका विश्रामगृहात खोली सांगून ठेवली होती. तिथे फोनला रेंज नव्हती, आणि हीच त्या जागेची थोरवी. सकाळची बस पकडायची, खोलीत शिरायचं, दार लावायचं आणि झोपायचं. कोणी काही सांगायचं नाही, आपण काही ऐकायचं नाही. बास. त्या झोपेच्या आशेवर साहेबांनी कित्येक महिने दिवस ढकलले होते.

"आणि तो आज पुन्हा आला," उशीला खोळ घालता घालता साहेब बायकोला सांगत होते, "तोच, टक्कलवाला. म्हणे, वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही. मी काय पाठीवर नेऊन देऊ?"

"हं," बायको म्हणाली. तिच्या मांडीवर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग होता. "एकटे चाललाय, तर मलमपट्टीचं काहीतरी जवळ ठेवा."

साहेबांनी कपाटातून जखमेवर लावायच्या दोन पट्ट्या काढल्या आणि पाकिटात सरकवल्या. "झालं?"

"झालं," बायको म्हणाली. खरोखर तिथेच सगळं संपायला हवं होतं.

पण आतल्या खोलीत साहेबांची आई जागी होती. तिला इतर वेळी शेजारी बसून बोललेलं ऐकू येत नसे; दुखण्याचा शब्द मात्र भिंतीपलीकडूनही लागे.

"दोन पट्ट्या? अरे, पोट बिघडलं तर काय पोटावर चिकटवशील?"

"आई, मी झोपायला चाललोय. झोपून काय होतं माणसाला?"

"तुझे मामा झोपेतच पलंगावरून पडले होते. ते काही नाही, मेहुण्याला बोलाव. त्याचं शिक्षण झालंय त्यातलं."

मेहुण्याचं शिक्षण म्हणजे त्याच्या कारखान्यात झालेलं एका दिवसाचं प्रथमोपचार शिबिर. तेव्हापासून तो रस्त्यात कुणी ठेचकाळेल का, या आशेवर हिंडत होता. बोलावणं गेलं मात्र, पठ्ठ्या हजर. त्याच्या हातात हत्यारांची रिकामी लोखंडी पेटी होती.

"दाजी, जखम कधी सांगून येते का?"

"नाही."

"मग? हाड मोडलं तर आधाराला काय लावाल?"

"मी हाड मोडायला चाललेलो नाहीये रे."

"असंच सगळे म्हणतात," मेहुणा म्हणाला आणि त्याने कपाट उघडलं.

त्यानंतर त्या घरातून औषध नावाची वस्तू नाहीशी झाली. कापूस, जंतुनाशक, तापमापक, पोटाच्या गोळ्या, डोक्याच्या गोळ्या, चिमटा, घरातली एकुलती एक कात्री, सगळं पेटीत गेलं. हाडाच्या आधारासाठी लाकडी पट्टी हवी, म्हणून बायकोची कापड मोजायची पट्टी गेली. शेकायची रबरी पिशवी गेली. शेवटी आईने आपलं गुडघ्याचं मलमही आत टाकलं.

"आई, ते तुला रोज लागतं!"

"दोन दिवस सोसेन मी. तुझ्यापेक्षा का गुडघा मोठा आहे?"

मग मेहुण्याला वाटलं, बँडेज नीट गुंडाळता येतं का ते बघू. त्याने साहेबांचा उजवा हात गळ्यात बांधला आणि तो बांधून इतका खूश झाला, की गाठ सोडेना. साहेब डाव्या हाताने जेवले. जेवताना टक्कलवाल्याची उरलेली हकिकत त्यांनी बायकोला सांगितली. ती "हं" म्हणत त्यांना वाढत राहिली.

जेवणानंतर पेटीचं झाकण लागेना. मेहुणा वर बसला, तरी लागेना. बांधायला घरात दोरी सापडेना, म्हणून त्याने पेटीतलाच जखमेवरचा पांढरा चिकट टेप काढला आणि त्याचं अख्खं रीळ पेटीभोवती आडवं, उभं, तिरपं गुंडाळलं.

"आता विमानातून टाकली तरी उघडायची नाही," तो अभिमानाने म्हणाला. पेटी काही पिशवीत मावणार नव्हती, म्हणून सकाळी विसरू नये अशी ती त्याने कपाटावर ठेवलेल्या पिशवीच्या पट्ट्यावरच ठेवली, आणि तो समाधानाने घरी गेला.

सकाळी साहेब अर्धवट झोपेत उठले, कपाटाशी गेले आणि त्यांनी पिशवीचा पट्टा ओढला.

पिशवी आली. पिशवीच्या आधी पेटी आली, ती थेट उजव्या पायाच्या अंगठ्यावर. साहेबांच्या तोंडून जो आवाज निघाला, तो तक्रार खिडकीवरही कधी कुणी काढला नव्हता.

"रक्त! अगं बाई, रक्त!" आई ओरडली. "कापूस आण!"

"कापूस पेटीत आहे," बायको म्हणाली.

"मग उघड ना पेटी!"

"टेप कापायला हवा. कात्री पेटीत आहे."

बायकोने स्वयंपाकघरातून सुरी आणली आणि टेपवर घासायला सुरुवात केली. आईने तिचा हात धरला. "हळू! तुला लागलं तर लावायला औषध कुठाय? सगळं पेटीत!" या मुद्द्यावर दोघीही थांबल्या, कारण तो बिनतोड होता. मेहुण्याला फोन केला. तो म्हणाला, "घाबरू नका. आधी पेटी उघडा."

"माझा अंगठा!" साहेब खाली बसून कळवळले.

बायकोने एकदा पेटीकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे. मग खुंटीवरच्या विजारीतून तिने पाकीट काढलं, त्यातली एक पट्टी सोडवली आणि अंगठा पाण्याने धुऊन त्यावर लावली. रक्त थांबलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

पण अंगठा फुगला होता. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे लंगडत जाईपर्यंत बस केव्हाच निघून गेली.

"हाड शाबूत आहे," डॉक्टर म्हणाले. "दोन दिवस पाय टेकायचा नाही. घरात पडून राहा, आराम करा."

घरात आराम! साहेबांना रडू यायचं बाकी होतं. पलंगावर पाय उशीवर ठेवून ते म्हणाले, "बघितलंस? माझं नशीबच फुटकं. दिवसभर लोकांची रडगाणी ऐकायची. दोन दिवस, फक्त दोन दिवस कान मिटायला मागत होतो मी. माणूस थकतो गं ऐकून ऐकून."

बायको यावेळी "हं" म्हणाली नाही.

"अहो, लोक तुम्हाला सांगतात," ती म्हणाली, "आणि संध्याकाळी ते सगळं तुम्ही मला सांगता. तुमची खिडकी पाचला बंद होते. माझी कधी होते?"

इतक्या वर्षांत आपण तिला एकदाही "तुझं काय?" विचारलेलं नाही, हे साहेबांना त्या क्षणी आठवलं आणि अंगठ्यापेक्षा जास्त लागलं.

"दुपारची एक बस असते ना?" तिने विचारलं.

"असते." ते म्हणाले. मग पायाखालची उशी काढून त्यांनी तिच्यापुढे धरली. "ही ने. तिथल्या उशा दगडासारख्या असतात म्हणे."

तिने दोन साड्या आणि टॉवेल भरला. साहेबांनी विचारलं, "पेटी नेतेस?" तिने त्यांच्या पाकिटातली उरलेली पट्टी काढून पर्समध्ये टाकली, सासूला वाकून नमस्कार केला आणि निघाली. जिन्यावर तिची पावलं चांगली भराभर वाजत गेली.

घर शांत झालं. साहेबांनी डोळे मिटले.

"अरे," आतून आईची हाक आली, "गुडघा ठणकतोय रे माझा."

"नोंद घेतली आहे," साहेब सवयीने म्हणाले.

"नोंद नको मेल्या, मलम दे!"

साहेब उठले, एका पायावर उड्या मारत पेटीपाशी गेले, ती मांडीवर घेऊन बसले आणि नखाने टेपचं टोक शोधू लागले.