उसातला पांढरा ठिपका

चहात साखर जास्त पडली तरी आमचे शेजारी सावळेरामनाना कप खाली ठेवून विचारतात, "याला जबाबदार कोण?" वीज गेली, एसटी आळेफाट्याला न थांबता पुढं गेली, नानांचा प्रश्न तोच. पुतण्याच्या लग्नात मंगलाष्टकं लांबली तेव्हा त्यांनी भर मांडवात गुरुजींनाच विचारलं होतं. उत्तर मिळेपर्यंत हा माणूस जागचा हलत नाही.

दिवाळीपासून गावाच्या उसात बिबट्या फिरत होता, आणि नानांचा सगळा संताप तो न पकडणाऱ्यांवर निघत होता. नानांचा कुत्रा, राजा, उसाच्या कडेनं गेला तो परतलाच नाही. बिबट्यानं नेला, हे सगळ्या गावाला कळत होतं. नानांना ते मान्य नव्हतं. राजाच्या गळ्यात लोखंडी खिळ्यांचा पट्टा होता. नानांनी तो स्वतः उभं राहून करवून घेतला होता. पट्टा गळ्याशी घट्ट असला की बिबट्याला तोंड घालता येत नाही. "राजा वाट चुकलाय," ते ठणकावून सांगत, "मेलेला न्हाई."

परवा वनखात्याच्या माणसांबरोबर शहरातली मंडळी रडार लावलेला ड्रोन घेऊन आली. पाल्याआड दडलेलं त्यात दिसतं म्हणे. एवढी जनावरं गेल्यावर यांना आता जाग आली, याची मलाही चीड आली होती. पण मी मनातल्या मनात चडफडतो. नाना थेट ड्रोनवाल्याच्या मानगुटीवर बसले. "बिबट्या नंतर बघा राव. आधी माझा राजा हुडका."

पडद्यावर सगळं राखेसारखं करडं. बिबट्याचा पत्ता नाही. एका जागी मात्र पांढरा ठिपका चमकत होता. लोखंड असंच चमकतं, असं ड्रोनवाला म्हणाला.

"हलतोय का त्यो?" नानांनी विचारलं.

तो हलत नव्हता.

वनखात्याची माणसं पुढं घालून आम्ही काठ्या आपटत उसात शिरलो. पाचटात पट्टा पडला होता, बक्कल लावलेलंच. शेजारी हाडं होती.

नानांनी पट्टा धोतराच्या सोग्यानं पुसला. आता ते वनखात्यापासून ड्रोनवाल्यापर्यंत एकेकाला फैलावर घेणार, म्हणून मी मध्ये पडायच्या तयारीत होतो. त्यांनी बक्कल माझ्यापुढं धरलं.

"मानेला काचत व्हतं त्याच्या," ते म्हणाले. "मीच दोन भोकं सैल केला व्हता."

परतताना ते आमच्या ओट्यावर टेकले. हिनं गडबडीत आणलेला चहा नुसता पाक झाला होता. नानांनी तो मुकाट्यानं पिऊन टाकला.