आक्कासाहेबांच्या निरांजनाची हकीकत

श्री. दौतीस नमस्कार, बोरूस नमस्कार, आणि थोरामोठ्यांच्या घरात डोकावण्याची खोड ज्यांस आहे त्या वाचकांस दोन नमस्कार. राज्याभिषेक शके एकतीस, सुभानु नाम संवत्सरे, मार्गशीर्ष शुद्ध द्वितीया, ते दिवसापर्यंतचे वर्तमान ऐसे जे:

पूर्वी आमचे राज्य बहुत दरिद्री होते. दरबारी सरदार सात आणि पागोटी पाच, म्हणोन दोघे सरदार पाळीपाळीने आजारी पडत. महाराजांची वडील बहीण गिरिजाक्कासाहेब समुद्रापलीकडे थोर राज्यात दिली होती, जेथील तांबटांचे नाव दाही दिशांस होते. महाराज दर भाऊबिजेस तेथे जात, आणि आक्कासाहेब त्यांस पाटावर बसवून ओवाळीत, आणि म्हणत, "भिकू, वाळलास की रे! घे आणखी एक करंजी, इथे कोणी मोजत नाही." महाराजांस भिकू म्हणणारे माणूस पृथ्वीवर तेवढे एकच होते. त्या राजकुळाची रीत ऐसी की सुनेने भावास ओवाळावे ते घरच्या तांबटाने त्या वर्षी नव्याने ठोकलेल्या निरांजनानेच, दुसऱ्याने नाही, आणि मग ते निरांजन भावाने आपल्या घरी न्यावे.

पहिले निरांजन महाराजांनी देव्हाऱ्यात ठेविले. दिवाण त्रिंबकपंतांनी ते उचलून खालून वरून पाहिले आणि अर्ज केला, "महाराज, देवास उजेड पुष्कळ आहे. हे मजकडे द्यावे." आणि महाराजांनी दिले. मग पंतांनी ते उभे चिरून आतला घाट पाहिला, आणि साचा केला, आणि एका दिवसात हजार ओतविली, आणि तळाशी आमच्या राज्याचा शिक्का उठविला. पुढे दर वर्षी आक्कासाहेब नवा घाट देत आणि दर वर्षी पंत तो चिरीत. मग गलबते भरभरून निघाली, आणि दिव्यांमागून हंडे गेले, आणि हंड्यांमागून कड्याकुलुपे गेली, आणि बावन्न राज्यांत आमच्या मालावाचून चूल पेटेना. जे दरबार पूर्वी आमच्या वकिलास पडवीत बसवून पाणीही विचारीत नसत, त्यांचे वकील आमच्या पडवीत जागा धरण्यास पहाटे येऊ लागले. ज्या ज्या राज्यात आमचे गलबत लागले तेथील भट्ट्या थंडावल्या, आणि कारागीर आमच्याकडे चाकरीस आले. सर्वांत शेवटी आक्कासाहेबांच्या राज्यातील भाता थांबला, आणि त्यांच्या घरचा तांबट हरबा तोही गलबतात बसला. महाराज दर वर्षी तेथे जात, परंतु पालखीचे पडदे सोडून जात, म्हणोन बाजार पाहिला नाही.

तिसावे वर्षी महाराज शंभर पेटारे घेऊन गेले आणि पाटावर बसले. आक्कासाहेब ताट घेऊन आल्या. ताटात कुंकू होते, अक्षता होत्या, सुपारी होती. निरांजन नव्हते. महाराज म्हणाले, "आक्का, दिवा?" आक्कासाहेबांनी दासीकडून बाजारचे एक आणविले, आणि ते पालथे करून तळ दाखविला. तळाशी आमचा शिक्का. महाराज खाली पाहून म्हणाले, "चालेल की. तळ कोण पाहतो?" तेव्हा आक्कासाहेब म्हणाल्या, "भिकू, हा तुझा दिवा. तुझ्या दिव्याने तुला मी काय ओवाळू? तूच घे आपल्याला ओवाळून." आणि ताट खाली ठेवून आत गेल्या. करंज्या वाढल्या होत्या, त्या कोणी खाल्ल्या नाहीत.

मग महाराज तातडीने परतले, आणि जामदारखाना उघडविला, की इतक्या वर्षांच्या निरांजनांतील एक तरी अखंड असेल. एकोणतीस निघाली, एकोणतीसही उभी चिरलेली. मग महाराज स्वतः कारखान्यात गेले, आणि हरबाचा हात धरून म्हणाले, "हरबा, परत जा. आक्काच्या घरी बसून एक निरांजन ठोक. मागशील ते देतो." हरबा मान खाली घालून म्हणाला, "महाराज, वाटी तो पलीकडचा करतो, बैठक त्याच्या पलीकडचा. मी आल्या दिवसापासून नुसता तळ घासतो. काल घरी पोरीसाठी एक ठोकायला बसलो होतो. वाटी तिरपी आली. तेल राहीना." महाराजांनी ते तिरपे निरांजन मागून पाहिले, आणि बहुत वेळ हातात धरिले, आणि परत दिले.

पुढील भाऊबिजेस महाराज गेले नाहीत, जासूद पाठविला. मार्गशीर्षाच्या बीजेस इकडे बावन्न वकील नजराणे घेऊन दरबारी उभे, तोच जासूद समुद्र ओलांडून दाखल जाहला. महाराजांनी सर्वांदेखत विचारिले, "आक्कांनी काय केले?"

"महाराज, ज्यांस भाऊ नसतो त्या बायका करितात तेच. तिन्हीसांजेस अंगणात येऊन चंद्रास ओवाळिले."

"दिवा कोणता होता?"

"आपल्याच कारखान्याचा, महाराज. म्हणाल्या, चंद्रास चालतो."

महाराज उठले. पंतांनी कानाशी लागून अर्ज केला की वकील ताटकळले आहेत. महाराज म्हणाले, "पंत, गच्चीवर पाट मांडा." मग पाटावर समुद्राकडे तोंड करून बसले. समोर बीजेची कोर होती, ती खाली खाली उतरत गेली, आणि महाराज डोक्यावर टोपी नीट करून, मांडी न मोडता, कोर बुडेपर्यंत बसून राहिले.

येणेप्रमाणे आमचे राज्य थोर जाहले. बावन्न राज्यांत आमचा उजेड पडतो, तो अद्याप पडतो. करंज्या आता मुदपाकखान्यात होतात, आणि मोजून येतात. भिकू म्हणून कोणी हाक मारीत नाही. हे लिहिले असे.