बाईंचा जबाब

समुपदेशक बाईंना एका गोष्टीची पक्की खात्री होती: त्यांच्यासमोर बसलेला माणूस दहाव्या मिनिटाला मोकळा होतो. वीस वर्षांत त्यांनी भल्याभल्यांना बोलतं केलं होतं. त्यामुळे पोलिसांचं मन कसं सांभाळावं याच्या प्रशिक्षणात त्या शेवटच्या बाकावर बसून निवांतपणे वहीत नक्षी काढत होत्या. शिकवायला होते एक निवृत्त पोलीस अधिकारी. ते म्हणाले, पोलिसाला 'कसं वाटतंय' असं विचाराल, तर तो 'ठीक' म्हणेल आणि घड्याळ बघेल. आधी स्वतःचं काहीतरी सांगा. बाईंनी तेवढं मात्र लिहून घेतलं.

शेवटी प्रत्येकाला चौकीवर जाऊन एका पोलिसाशी बोलायचं होतं. बाईंच्या वाट्याला आले एक फौजदार. एका अपघाताच्या जागी जाऊन आल्यापासून त्यांची झोप उडाली होती, आणि आधीच्या दोन डॉक्टरांना त्यांनी चहा पाजून वाटेला लावलं होतं.

बाई चौकीत शिरल्या. टेबलामागे झुबकेदार मिशांचे हवालदार बसले होते. हेच ते फौजदार, असं बाईंनी ठरवून टाकलं. हवालदारांना वाटलं, तक्रार घेऊन आल्यात. त्यांनी कागद पुढे ओढून नाव, वय, पत्ता विचारला. गडी आडपडदा ठेवतोय, असं समजून बाईंनी स्वतःचं सांगायला घेतलं. अगदी सहज म्हणून, आईच्या शिवणयंत्राचं. आई गेल्यावर ते थोरल्या बहिणीनं परस्पर नेलं, आणि तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद.

यंत्र कधी नेलं, कुणी पाहिलं, हाताचं होतं की पायाचं, सगळं विचारत हवालदार लिहीत गेले. मान काही वर करेनात, त्यामुळे बाईंना सांगणं आणखीच सोपं जाऊ लागलं. पाऊण तासात तीन पानं भरली आणि बाईंचा रुमाल भिजला.

"एक सांगा," हवालदार म्हणाले, "तुम्हाला यंत्र परत पाहिजे की बहीण?"

बाईंनी भिजलेल्या रुमालाची घडी घातली. "बहीण," त्या हळूच म्हणाल्या.

हवालदारांनी तेही लिहिलं आणि वाचून दाखवलं: "सदर यंत्राबाबत तक्रार नाही. सदर बहीण लवकरात लवकर मिळावी."

मागच्या दारात कुणीतरी खाकरलं. खरे फौजदार केव्हाचे तिथे उभे होते. बाईंना धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. त्या उठून काही सांगू लागल्या, तर फौजदारच खुर्ची ओढून बसले.

"माझंही घ्या," ते बाईंना म्हणाले. "पण असंच, लिहून. कुणी तोंडाकडे बघत बसलं की मला बोलता येत नाही."

बाईंनी हवालदारांचं पेन घेतलं आणि मान खाली घातली. दोन तास त्या नुसत्या लिहीत होत्या. कसं वाटतंय, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही.

घरी पोचल्यावर त्यांनी बहिणीला फोन लावला. बहीण आधी पाच मिनिटं रागावली, मग रडली, मग तिनं कधी येतेस म्हणून विचारलं.

दुसऱ्या दिवशी फौजदारांचा अभिप्राय आला. प्रशिक्षकांनी तो भर वर्गात वाचून दाखवला: "बाई चांगल्या आहेत. पुढच्या आठवड्यात पुन्हा पाठवा. अक्षर अजिबात लागत नाही."