अण्णांची सुई आणि माझी इस्त्री

अण्णा शिवलकरांना इडली वाढली की ते आधी तिला सुई टोचतात. त्यांच्या शर्टाच्या खिशात लाकडी मुठीचं एक हत्यार असतं, पुढे तीन सुया. पहिल्यांदा त्यांनी ते माझ्या इडलीत खुपसलं, तेव्हा मी ताट उचलणारच होते. माझा डब्यांचा धंदा आहे. इडलीची परीक्षा मी कोणाला घेऊ देत नाही.

"रागावू नका वैनी. वरून मऊ आहे, आत जरा घट्ट. रवा कमी भिजला."

रवा खरंच कमी भिजला होता.

हे आमचे शेजारी, मध्ये एकच भिंत. चाळीस वर्षं मुंबईत पियानो दुरुस्तीच्या कारखान्यात होते. पियानोच्या पोटात प्रत्येक पट्टीमागे एक लहान हातोडी असते, तिच्या डोक्यावर लोकरीचा जाड नमदा. तारेवर आपटून आपटून नमद्याचा दगड होतो आणि सूर पत्र्यासारखा वाजायला लागतो. मग सुया टोचून नमदा सैल करायचा. अण्णांनी जन्मभर एवढंच केलं. निवृत्त होऊन रत्नागिरीला आले ते एक जुना पियानो घेऊन, मुंबईत आंबे उतरवून रिकाम्या परतणाऱ्या ट्रकमधून. या खाऱ्या हवेत त्याचं काय होणार, असं सगळ्यांनी विचारलं. अण्णा म्हणाले, "माझं होईल तेच त्याचं."

जगातल्या प्रत्येक बिघाडावर त्यांचं निदान एकच: "कडक झालाय. टोचायला हवा." सभेत ओरडणारा पुढारी, मिरकरवाडा बंदरात मासळीचा लिलाव पुकारणारा, आमचे हे, सगळे कडक. "तुमच्या साहेबांना मात्र तीन सुया पुरायच्या नाहीत, वैनी."

संध्याकाळी सहाला अण्णा रोज एकच चाल वाजवतात. त्यांच्या पत्नी मालतीकाकू शेजारी करंदी, म्हणजे बारकी कोळंबी, सोलत बसतात आणि निकाल देतात. "डावीकडचा एक सूर कानाला लागतोय हो." असं म्हटलं की लगेच अण्णा पियानो उघडतात. "मी नुसता टोचणारा. पास-नापास तिच्याकडे."

गेल्या वर्षी काकू रोजच नापास करायला लागल्या. भिंतीतून मला सगळं ऐकू यायचं. "आवाज कापसात गुंडाळल्यासारखा येतोय. तुमचा हात गेला आता." मला तर सूर होते तसेच गोड वाटत होते. त्याच सुमारास काकूंच्या दारात दोनदा बेल वाजवून शेवटी मी खिडकीतून हाका मारल्या होत्या. पण हे आणि ते जोडून बघायला मला फुरसत कुठे होती!

मग एक दिवस अण्णांनी माझी प्रवासातली छोटी इस्त्री मागितली.

"शर्टाला?"

"नाही हो. काम आहे."

दुसऱ्या दिवसापासून भिंतीपलीकडे कोणी पातेली बडवतंय असं वाटायला लागलं. चार दिवस सोसलं. पाचव्या दिवशी तरातरा गेले. पियानोच्या हातोड्या बाहेर काढलेल्या, आणि अण्णा एकेकीच्या नमद्यावर माझी इस्त्री दाबत होते.

"अण्णा, हे काय? जन्मभर मऊ करत आलात ना?"

"इस्त्रीने नमदा कडक होतो," ते हळू आवाजात म्हणाले. "कडक असला तरच तिला ऐकू येतं आता."

"मग डॉक्टरकडे न्या. सरळ सांगा त्यांना."

"नेणार आहे, पुढच्या आठवड्यात. पण वैनी, आमच्या घरात कान तो तिचाच. तोच गेला, हे तिला मी सांगू? त्यापेक्षा माझा हात गेला, हे बरं."

तेवढ्यात काकू करंदीचं ताट घेऊन आल्या. अण्णांनी घाईघाईने हातोड्या बसवल्या आणि चाल सुरू केली. मी दात आवळून उभी राहिले. काकूंची करंदी ताटातच राहिली.

"आला हो तुमचा हात परत! काय गो, गोड वाजतंय ना?"

"लोण्यासारखं, काकू," मी मोठ्याने म्हणाले.

"मग पास."

अण्णा मान खाली घालून वाजवत राहिले.

हल्ली सहाच्या ठोक्याला मी चटणीचा मिक्सर लावते. इस्त्री अजून परत मागितलेली नाही.