उभी मान, आडवी मान

हे जे आता सांगणार आहे, त्यावर तुमचा कुणाचाही विश्वास बसणार नाही. आमच्या बल्गेरियातल्या या त्रोयान गावात अजून एकाचाही बसलेला नाही! हा समोर बसलेला मिंचो. चाळीस वर्षं टपाल वाटून निवृत्त झाला. लोकांची पत्रं उजेडात धरून धरून याला साऱ्या जगाच्या भानगडी ठाऊक. पण माझी गोष्ट सुरू झाली, की हासुद्धा कॉफीच्या कपात तोंड घालून खुसखुसतो. खुसखुसू दे! भर चर्चमध्ये सैतानाचा कैवार घेऊन धडधाकट परत आलेला माणूस याच्या टपालात कधी आला नसेल.

तर, आमची ग्रीसमधल्या सालोनिकीची सहल. तीन दिवस, चार माणसं, आणि पुढारी मी!

मीच का? कारण मला ग्रीक येतं. सैन्यात असताना दोन वर्षं मी ग्रीसच्या सरहद्दीवर पहारा केला. पलीकडचा ग्रीक शिपाई रोज सकाळी मला ओरडून म्हणायचा, "कालिमेरा!"

"म्हणजे काय?" मिंचोनं विचारलं.

"सुप्रभात."

"आणि आणखी काय म्हणायचा?"

"आणखी कशाला? दोन वर्षं रोज म्हणायचा! तेवढ्यात कुणीही भाषा शिकतो."

पण निघण्याआधीच माझी मुलगी रुम्याना हात पुढं करून उभी राहिली. "बाबा, आम्हाला तीन दिवस नीट फिरवून आणलंत, तर तुमच्या गाडीबद्दल मी पुन्हा चकार शब्द काढणार नाही. पण एक जरी घोटाळा झाला, तर गाडीची किल्ली माझ्याकडे!"

गाडी म्हणजे माझा जीव. एक्केचाळीस वर्षांची आहे, पण हॉर्न अजून कुमारिकेसारखा लाजत वाजतो. गेल्या वर्षी ती जराशी टोमॅटोंत शिरली, तेव्हापासून रुम्यानाची तिच्यावर नजर.

"टोमॅटो रस्त्यात होते," मी सांगितलं.

"टोमॅटो दुकानात होते," मिंचो म्हणाला.

जाऊ दे. मी रुम्यानाला शब्द दिला, किल्ली कोटाच्या आतल्या खिशात ठेवून वर पिन लावली, आणि आम्ही बसनं निघालो. मी, माझी बायको नेद्याल्का, रुम्याना, आणि आमचा जावई कामेन. कामेन म्हणजे दिवसभर फोनमध्ये बघत तोंडाच्या एकाच कोपऱ्यातून हसणारा प्राणी. दुसरा कोपरा त्यानं बहुधा माझ्यासाठी राखून ठेवलाय.

प्रवासाला जाणाऱ्यांनी माझं ऐका. पायात जुने बूट घाला. नवे बूट आणि नवा जावई, दोघंही पहिल्या चढावरच चावतात. उकडलेली अंडी जरूर न्या, पण बसमध्ये फोडू नका. आम्ही फोडली आणि चालकानं दोन डोंगर दारं उघडी ठेवून पार केले. आणि सालोनिकीत रस्ता चुकलात तर कुणाला विचारू नका, सरळ उताराला लागा. खाली समुद्र आहे. त्याच्यापुढं तर जाणार नाही ना तुम्ही!

हॉटेलात पोचलो. काउंटरवरच्या पोरीनं आमच्या चौघांकडे बघितलं आणि एक बोट वर केलं. एकच खोली का? मी ठणकावून मान हलवली. "ने, ने!"

आता इथं एक गोष्ट सांगून ठेवतो. मला ती तिसऱ्या दिवशी कळली, तुम्हाला आत्ताच फुकट मिळतेय. आपण शहाणी माणसं 'नाही' म्हणताना मान खाली-वर करतो आणि 'हो' म्हणताना आडवी हलवतो. ग्रीकांची मान देवानं उलटी बसवली आहे! खाली-वर म्हणजे हो, आडवी म्हणजे नाही. तेवढ्यानं देवाचं भागलं नाही. आपल्या बल्गेरियनमध्ये 'ने' म्हणजे नाही, आणि त्यांच्या भाषेत 'ने' म्हणजे हो! म्हणजे मी मानेनं आणि तोंडानं दुहेरी नकार दिला, की समोरच्या ग्रीकाला दुहेरी होकार पोचतो. पावतीसकट!

मिळाली एकच खोली. चार खाटा ओळीनं, इस्पितळासारख्या.

"बाबा, हा घोटाळा ना?" रुम्यानानं हात पुढं केला.

"घोटाळा? मी मुद्दाम मागून घेतली! घरातली माणसं कधी एकत्र झोपतात हल्ली?"

"बरोबर आहे," कामेन फोनमधून म्हणाला. "बाबांना ग्रीक येतं. आपण कशाला मधे बोला?"

नेद्याल्का घोरते. मी घोरतो असं नेद्याल्का म्हणते. सकाळी उठलो तेव्हा रुम्याना आणि कामेन न्हाणीघरात बसून झोपले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी खाणावळीत गेलो. वेटरनं ताटलीत एक ऑक्टोपस आणून दाखवला. आठ पाय, आणि सगळे माझ्याकडे रोखलेले! आम्ही डोंगरातली माणसं, आम्हाला चार पायांच्या वरचं पचत नाही. "ने, ने!" मी म्हणालो आणि मान खाली-वर केली. वेटर खूश होऊन गेला आणि भाजून घेऊन आला.

"वेल्को," नेद्याल्का म्हणाली, "हे काय मागवलंस तू?"

"मी नको म्हणालो!"

"मग जोरात म्हण. पुरुषासारखा!"

वेटरनं आणखी दोन आणून दाखवले. मी उभा राहिलो. टेबलावर मूठ आपटली. मान अशी खाली-वर केली की हनुवटी छातीवर आपटली. "ने! ने! ने!" वेटरच्या डोळ्यांत पाणी आलं. असं दर्दी गिऱ्हाईक त्यानं जन्मात बघितलं नसावं. आतून आचारी आला आणि माझ्या गालाचा मुका घेऊन गेला. त्यानंतर जे यायला लागलं, ते पुराच्या पाण्यासारखं! शिंपले, माखली, मिशीवाले झिंगे. शेवटी ताटल्या ठेवायला वेटरनं शेजारचं टेबल आणून जोडलं.

"बाबा?" रुम्यानाचा हात पुन्हा पुढं.

"समुद्राकाठी येऊन समुद्र चाखायचा नाही?" मी म्हणालो, आणि किल्लीची पिन चाचपत एक पाय गिळला. तो गिळताना माझ्या घशाला धरून बसला होता, शपथेवर सांगतो!

"त्या मेलेल्या ऑक्टोपसचा पाय?" मिंचो म्हणाला.

"भाजलेल्या. मेला होता असं मी कधी म्हणालो?"

उरला तिसरा दिवस. तीनची बस. तेवढ्या वेळात काही झालं नाही, की किल्ली जन्मभर माझी! मी सगळ्यांना बाकावर बसवून ठेवणार होतो, पण नेद्याल्काला चर्चमध्ये मेणबत्ती लावायची होती. देवाच्या दारात कसला आलाय घोटाळा, म्हणून गेलो. मी आपला लग्नातला काळा कोट घातलेला, पुढाऱ्याला शोभेलसा.

आत पन्नास-साठ माणसं नटूनथटून उभी, आणि पाद्रीबाबा घड्याळ बघतायत. मला बघताच ते लगबगीनं आले, माझ्या छातीला बोट लावलं आणि काहीतरी विचारलं. मला वाटलं, विचारतायत मेणबत्ती हवी का. आमच्याकडे होती. मी नम्रपणे मान खाली-वर केली. "ने, ने."

"आssह!" सगळं चर्च सुटकेचा श्वास टाकून हललं. कुणीतरी माझ्या एका हातात मेणबत्ती दिली. माझ्या उंचीची, फिती लावलेली! आणि दुसऱ्या हातात मूल दिलं. जिवंत, गुलाबी झग्यातलं, किंचित ओलं ग्रीक मूल!

बाप्तिस्मा होता, मंडळी! बाळाच्या वतीनं देवाला शब्द देणारा धर्मपिता गाड्यांच्या गर्दीत कुठंतरी अडकलेला, आणि काळ्या कोटात आलेला मी!

"रुम्याना!" मी हाक मारली. पण पाद्रीबाबांनी मला खांद्याला धरून पश्चिमेकडे, म्हणजे दरवाजाकडे वळवलंसुद्धा. आता हा विधी आपल्याकडेही असाच असतो, म्हणून ते काय विचारतायत ते मला बरोबर कळलं. सैतानाचा त्याग करतोस का?

परक्याचं का असेना, लेकराच्या आत्म्याचा प्रश्न! इथं मागं हटलो तर मी कसला ख्रिस्ती? मी छाती पुढं काढून ठाम होकार दिला. मान आडवी हलवली!

मागच्या रांगेत कुणाच्यातरी हातून मेणबत्ती खाली पडली.

पाद्रीबाबांनी घाम पुसून दुसऱ्यांदा विचारलं. यांना ऐकू कमी येतं वाटतं, म्हणून मी आणखी जोरात मान आडवी हलवली. एक म्हातारी भराभर छातीवर क्रुसाची खूण करायला लागली. तिसऱ्यांदा विचारताना पाद्रीबाबांचा आवाज रडवेला झाला होता. मी मान अशी हलवली की चष्मा उडून गेला. कधीच सोडणार नाही मी सैतानाला, बालपणचा मित्र आहे माझा, असं साठ माणसांना रोखठोक सांगितल्यासारखं! बाळाची आजी मटकन खाली बसली.

खांबाआड कामेन पोट धरून उभा होता. "बाबा, इकडे आडवी मान म्हणजे 'नाही'! आणि 'ने' म्हणजे 'हो'!"

"मग तीन दिवस बोलला का नाहीस, गाढवा?"

"तुम्हाला ग्रीक येतं ना!"

आता चूक भरून काढायला एकच जागा उरली होती. विधीत पुढं सैतानावर थुंकायचं असतं, दरवाजाच्या दिशेनं. म्हटलं, थुंकीला तरी भाषा नसते! मी पूर्ण श्रद्धा एकवटून थुंकलो. अगदी त्याच क्षणी दरवाजा उघडला. नव्या कोटातला, खाटकाच्या बांध्याचा, धापा टाकणारा खरा धर्मपिता आत आला. थुंकी थेट त्याच्या टायवर! माझ्या डोळ्यांवर चष्मा नव्हता, हे लक्षात घ्या.

मी थांबून कॉफीचा घोट घेतला.

"मग?" मिंचो पुढं सरकला. "कुटलं असेल तुला."

"कुटलं? मिठी मारली! म्हणाला, एवढ्या नेमानं थुंकणारा धर्मात्मा पाहिला नाही. बाळाला माझंच नाव दिलं. वेल्को!"

"गुलाबी झगा म्हणालास ना? मुलगी होती ती."

"वेल्का म्हणालो मी! सगळं वऱ्हाड वाजतगाजत आम्हाला बसपर्यंत सोडायला आलं. रुम्याना रडत होती. म्हणाली, बाबा, कुठं हो घोटाळा? अशी सहल कुणाचा बाप घडवत नाही. किल्ली तुमच्याच खिशात शोभते!"

मिंचोनं कप खाली ठेवला. त्यानं माझ्या कोटाकडे बघितलं. आतल्या खिशाशी पिन उघडी लोंबत होती. मग खाली वाकून माझ्या चिखलानं भरलेल्या बुटांकडे बघितलं.

"वेल्को, तू समोरच्या बेकरीतून पाव आणायलासुद्धा गाडी काढणारा माणूस. आज एवढी चढण पायी का चढून आलास?"

तेवढ्यात खालच्या रस्त्यावरून एक हॉर्न लाजत लाजत वाजत गेला. मी मान हलवली. जरा खाली-वर, जरा आडवी, शेवटी गोल.

"मान नको हलवूस!" मिंचो ओरडला. "तोंडानं सांग, किल्ली रुम्यानाकडे आहे ना?"